सोलापूरच्या उन्हात राहून व्हिटॅमिन डी 8 कसं येतं, आणि 60,000 चं पाकीट किती दिवस घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 57 वर्षांच्या, घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, तीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या. दीड वर्षापूर्वी कंबर-मांड्या फार दुखायला लागल्या, जिना चढवेना, तपासलं तर व्हिटॅमिन डी 8 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) निघालं, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी आठवड्याला एक 60,000 युनिटची डी ची पावडर लिहून दिली, बरं वाटलं, म्हणून आई अजून दर रविवारी दुधातून ती घेतायत, मेडिकलमध्ये कुणी चिठ्ठी मागत नाही. मुलाला तीन गोष्टी हव्यात, सोलापूरसारख्या भट्टीत राहून डी कमी होतंच कसं, हे पाकीट आयुष्यभर चालू ठेवायचं का, आणि व्हिडिओत सांगतात तसं त्याने हार्ट, शुगर, कॅन्सर लांब राहतात का. शेवटी त्याने स्वतःचीही टेस्ट करू का असं विचारलंय, तो पुण्यात आयटीत आहे.

मी सोलापुरात 26 वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतोय. आधी तातडीचं सांगतो, बाकीचं नंतर निवांत वाचा. येत्या रविवारचं पाकीट आईंना घेऊ देऊ नका. 60,000 ला सातने भागा, रोजचे साडेआठ हजार युनिट होतात. आयसीएमआरच्या 2020 च्या तक्त्यात मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट आहे आणि डॉक्टरच्या नजरेखाली नसताना रोज 4,000 च्या वर जाऊ नये असं सगळीकडे धरतात. 8 लेव्हल असताना आठ आठवडे दर आठवड्याला एक पाकीट हा बरोबर कोर्स आहे, मीही तोच लिहितो, पण तो कोर्स आहे हो, रविवारचा उपवास नाही की धरला तो सोडायचाच नाही. बहुतेक लोकांना एवढ्या डोसनेही काही होत नाही हे खरंय, उगाच घाबरू नका, पण ज्याला होतं त्याच्या किडनीवर जातं.

म्हणून या आठवड्यात सकाळी रक्त द्या: सीरम कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड मऊ पडलं की वाढतं) आणि 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं डी). पाच तपासण्या पुरेत, मोठं पॅकेज घेऊ नका. आणि आईंना विचारा, तहान जास्त लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, मळमळ, तोंडाला चव नसणं, नव्याने लागलेलं बद्धकोष्ठ, डोकं जड वाटणं, यातलं काही आहे का. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव बघा, काही बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं थायझाइड असतं, ते शरीरात कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे डी जास्त आणि ती गोळी एकत्र आली की कॅल्शियम पटकन चढतं. कॅल्शियमची गोळी पण वेगळी चालू असेल तर रिपोर्ट येईपर्यंत तीही थांबवा.

हे मी एवढ्या जोरात का सांगतोय, तर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते, जुळे सोलापूरचे, आठ दिवस जेवण नाही, उलट्या, घरचे म्हणत होते वयामुळे भ्रमिष्ट झालेत, नावं चुकतायत. कॅल्शियम 14 च्या घरात (साडेदहाच्या वर म्हणजे जास्त), क्रिएटिनिन दुप्पट. औषधांची पिशवी उलटी केली तेव्हा कळलं की गुडघेदुखीसाठी कुणीतरी 6 लाखांचं डी चं इंजेक्शन दिलं होतं, एकाने फरक पडला म्हणून दोन महिन्यांत अशी पाच-सहा झाली, वर पाकिटं वेगळी. सलाईन, स्टेरॉइड, दहा-बारा दिवस अ‍ॅडमिट. माणूस वाचला, डोकं पूर्ण ताळ्यावर आलं, पण किडनी पहिल्यासारखी नाही झाली. डी चरबीत साठतं, लघवीवाटे बाहेर जात नाही, त्यामुळे जास्तीचं उतरायला महिने लागतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाखांचा डोस देऊन बघितलं होतं, 2010 साली तो अभ्यास छापून आला, हाडं वाचतील असं वाटलं होतं आणि झालं उलट, पडणंही वाढलं, फ्रॅक्चरही वाढले. तेव्हापासून मोठ्या डोसाच्या इंजेक्शनला मी हात लावत नाही, पोटातून शोषलंच जात नाही असा एखादा पेशंट सोडून.

आता मूळ प्रश्न, ऊन एवढं असताना डी कमी कसं.

डी बनतं ते उन्हाच्या उष्णतेने नाही बनत, यूव्हीबी नावाच्या किरणांनी बनतं. ते किरण कातडीवर पडले की कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून कच्चं डी तयार होतं, मग लिव्हर आणि किडनी त्याला पक्कं करतात. यूव्हीबी पत्र्यातून येत नाही, कपड्यातून जवळपास येत नाही, आणि खिडकीच्या काचेतूनही येत नाही, म्हणजे काचेआड उन्हात बसलात तर घाम येईल, डी नाही. आता आईंचा दिवस डोळ्यापुढे आणा. सकाळी कारखान्यात जाऊन विड्या देऊन पत्ती-तंबाखू घ्यायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत घरात. मार्च ते जून पत्रा तापतो म्हणून दारावर ओलं पोतं, आत अंधार. बाहेर पडायचं ते डोक्यावरून पदर घेऊन. यंत्रमागावरचा कामगार बारा तास शेडमध्ये, रात्रपाळी असली तर दिवसा झोपलेला. कॉलेजची पोरगी स्कूटीवर, स्कार्फ, सनकोट, हातमोजे, गॉगल, बोटभर कातडी उघडी नाही. ऊन आपल्या डोक्यावर असतं, अंगावर नसतं. आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, 43-44 डिग्रीत जो तो सावली शोधणारच. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2000 साली धडधाकट दिल्लीकरांची तपासणी करून डी कमी असल्याचं दाखवलं होतं, तेव्हा आम्हाला सगळ्यांना नवल वाटलं होतं, आता वाटत नाही.

दुसरं म्हणजे आपला रंग. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, ते यूव्हीबी अडवतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला जेवढी मिनिटं पुरतात त्याच्या कितीतरी पट आपल्याला लागतात. वय वाढलं की कातडीतला कच्चा मालही कमी होतो. वजन जास्त असेल तर तयार झालेलं डी चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी दिसतं.

आणि तिसरं म्हणजे कोवळं ऊन. हे मी रोज ओपीडीत समजावतो. आपल्याकडे बाळालासुद्धा सात वाजताच्या कोवळ्या उन्हात धरतात, चांगली गोष्ट आहे, ऊब मिळते, झोपेचं घड्याळ लागतं, पण सूर्य खाली असताना किरण तिरके येतात आणि यूव्हीबी वरच्या हवेतच अडकून जातं, त्या उन्हात डी अगदी नावाला बनतं. मग कधी बसायचं याला घड्याळ लागत नाही, स्वतःची सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. सोलापूर साधारण 17.7 अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबरातही दुपारची सावली उंचीपेक्षा आखूडच पडते, म्हणजे बारा महिन्यांतला एकही महिना फुकट जात नाही, युरोपातल्या लोकांना हिवाळ्यात ही सोय नाही. आपला खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास असतो. डिसेंबर-जानेवारीत सव्वाअकरा ते दीड ही वेळ धरा, तेव्हा ऊन सोसतंही. पण एप्रिल-मे मध्ये सावली सकाळी साडेनवालाच उंचीएवढी होते, म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ ते दहा-सव्वादहा, बस्स. त्यानंतर मे महिन्यात गच्चीवर बसून डी मिळवायला जाऊ नका, उष्माघात डी च्या कमतरतेपेक्षा लवकर मारतो. मी असे पेशंट दर मे मध्ये बघतो.

किती वेळ? कोपरापासून खाली हात, पोटऱ्या, मान आणि पाठीचा जेवढा भाग उघडा ठेवता येईल तेवढा, वीस ते चाळीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. डोळे आणि चेहरा झाकला तरी चालेल, डोळे तर झाकाच, मोतीबिंदूशी उन्हाचा संबंध आहे. कातडी लाल किंवा चुरचुरीत होईपर्यंत बसण्यात फायदा नाही, ठराविक मर्यादेनंतर ऊन जास्तीचं कच्चं डी स्वतःच मोडून टाकतं, म्हणूनच उन्हाने कुणाला डी ची विषबाधा होत नाही, पाकिटाने होते. विड्या वळणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगतो की हिवाळ्यात सूप घेऊन दारात किंवा गच्चीवर बसा, पाठ उन्हाकडे करून, पदर पाठीवरून जरा बाजूला. काम थांबत नाही, मजुरी बुडत नाही. गच्ची नसेल तर शेजारणीची. ज्यांना हे शक्यच नाही, आणि असे लोक पुष्कळ आहेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये, त्यांच्यासाठी गोळी आहे.

आता एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत कुंभारी भागातली एक बाई माझ्याकडे यायची, चाळिशीची, म्हणायची, "डॉक्टर, खाली बसलं की उठायलाच येईना बघा, मांड्या लई दुखायलेत." मी सांधेदुखी म्हणून वर्षभर पेनकिलर देत राहिलो. एक दिवस ती केबिनमधून बाहेर जाताना मी तिची चाल बघितली, बदकासारखी, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झुकत. अल्कलाइन फॉस्फेटेज तपासलं तर तिप्पट. ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडाचा सांगाडा असतो पण त्यात चुना भरलेला नसतो, हाड मऊ पडतं. डी आणि कॅल्शियम दोन्ही दिल्यावर तीन महिन्यांत ती जिना चढून वर आली. वर्षभर मी त्या बाईला ज्या गोळ्या खायला लावल्या त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या आईंचं वर्णन, जिना न चढवणं, मांड्या भरून येणं, त्याच जातीचं वाटतंय, म्हणून त्यांना पाकिटाने बरं वाटलं यात आश्चर्य नाही, ते औषध त्यांना खरंच हवं होतं. आता बहुधा नकोय.

पण एकटं डी देऊन भागत नाही, आणि इथेच खाण्याचा विषय येतो. 1919 साली दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी झाल्या. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून बरं केलं आणि तिकडे इंग्लंडात मेलनबीने कुत्र्यांच्या पिल्लांवर दाखवलं की कॉड माशाच्या तेलाने मुडदूस जातो. एक म्हणे उजेड, दुसरा म्हणे अन्न, आणि दोघंही बरोबर होते. आपल्या ताटात मात्र डी जवळजवळ नसतंच हे मान्य करावं लागतं. अंड्याच्या बलकात साधारण 40 युनिट, उजनीच्या माशात थोडंफार, भाजी-भाकरी-डाळीत शून्य. दूध-तेलाच्या पिशवीवर प्लस एफची निळी खूण असेल तर त्यात डी घातलेलं असतं, तेच घ्या, पण तेवढ्याने गरज भागत नाही. म्हणजे डी उन्हातून नाहीतर गोळीतून, आणि कॅल्शियम-प्रोटीन ताटातून, अशी वाटणी डोक्यात ठेवा.

कॅल्शियमबाबत सोलापूरकरांची एक गंमत अशी की आपली मालदांडी ज्वारी चवीला, पोटाला, शुगरला उत्तम, पण 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम. शेंगाचटणीत प्रोटीन आणि चांगलं तेल आहे, कॅल्शियम फार नाही. भातातही नाही. आणि दूध? ते चहात पडतं तेवढंच. 57 वर्षांच्या, पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1,200 मिलिग्रॅम लागतं, आणि मी पेशंटना दिवसभराचं खाणं विचारतो तेव्हा हिशोब बऱ्याचदा तीनशे-साडेतीनशेवर थांबतो. भाकरी सोडू नका, तिच्याबरोबरचं बदला. एक पेला दूध किंवा दोन वाट्या दही-ताक म्हणजे सरळ अडीचशेच्या आसपास. आठवड्यातून तीन दिवस ज्वारीच्या जागी नाचणीची भाकरी, नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे आहे. शेंगाचटणीत तीळ कुटून घाला, मूठभर तिळाने सगळं होत नाही कारण त्यातलं शोषण कमी, पण रोज दोन चमचे गेले तर फरक पडतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खातोच की आपण, ती एक दिवस कशाला. कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला, मेथी, आणि खात असाल तर काट्यासकट छोटा मासा. प्रोटीनसाठी रोज एक वाटी उसळ, मटकी, हुलगे काहीही, शिवाय घट्ट वरण, कारण हाडाचा सांगाडा प्रोटीनचाच असतो आणि पडताना सावरतात ते स्नायू. चहा जेवणाबरोबर नको. आणि मशेरी. विड्यांच्या घरात तंबाखू हाताशी असते, आई मशेरी लावत असतील तर ते प्रेमाने विचारा, तंबाखूने हाडांची घनता घटते, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर सांगायलाच नको.

हार्ट, शुगर, कॅन्सर. इथे मला अगदी स्पष्ट बोलायचंय कारण व्हिडिओवाल्यांनी लोकांना फार आशेला लावलंय. मोठ्या संख्येने लोक तपासले तर दिसतं की ज्यांचं डी कमी त्यांना हे आजार जास्त. हे खरं आहे. पण आजारी माणूस घरात बसतो, लठ्ठ माणूस कमी चालतो, म्हणून त्यांचं डी कमी येतं, कमी डी ही बऱ्याचदा बाहेर न पडल्याची पावती असते. डी दिल्याने आजार टळतो का हे बघायला अमेरिकेत व्हायटल नावाची ट्रायल झाली, 25,871 लोक, निम्म्यांना रोज 2,000 युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ. 2018 च्या अखेरीस निकाल आला, हार्ट अ‍ॅटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत, नवे कॅन्सर कमी झाले नाहीत. 2022 मध्ये त्याच लोकांच्या फ्रॅक्चरचा निकाल आला, तेही कमी नाहीत. संधिवातासारख्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत मात्र थोडा फायदा दिसला. शुगरच्या उंबरठ्यावरच्या 2,423 लोकांना रोज 4,000 युनिट देऊन बघितलं, 2019 मध्ये आलेला निकाल असा की ठामपणे सांगता येईल एवढा फरक नाही. पण यातून उलटा अर्थही काढू नका. व्हायटलमधल्या बहुतेकांचं डी आधीच चांगलं होतं, भरलेल्या घागरीत अजून पाणी ओतल्यासारखं. तुमच्या आईंसारखी 8 वाली रिकामी घागर भरायलाच हवी होती, हाडांसाठी, स्नायूंसाठी. ती भरल्यावर पुढे ओतत राहण्यात काही मिळत नाही.

उन्हात जाण्याचा फायदा मात्र डी पुरता नाही असं माझं मत आहे. बाहेर पडलेला माणूस चालतो. सकाळच्या उजेडाने रात्रीची झोप सुधारते, बाहेर खेळणाऱ्या पोरांना लांबचं न दिसण्याचा, मायनस नंबरचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं हे चांगलं सिद्ध झालंय. कंबर तलावावर अर्धा तास चालणारी बाई तिथे फक्त डी गोळा करत नसते, बीपी, शुगर, मांड्यांची ताकद, चार बायकांशी बोलणं, सगळं त्यात येतं, आणि हे कुठल्या पाकिटात भरता येत नाही.

तर आईंसाठी पुढचं असं. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन नॉर्मल आलं आणि डी 20 च्या वर असेल तर पाकीट बंद. 2011 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 20 हा आकडा बहुतेकांना पुरेसा धरला, लॅबच्या कागदावर 30 खाली लाल अक्षरात छापून येतं त्याने घाबरू नका. डी 60-70 च्या वर निघालं तर तीन-चार महिने काहीच नको, आपोआप उतरेल. त्यानंतर ऊन जमत असेल तर ऊन, नाहीतर महिन्यातून एकच पाकीट, म्हणजे रोजचे 2,000 पडतात, जेवणानंतर घ्यायचं म्हणजे नीट शोषलं जातं. कॅल्शियम 10.5 च्या वर आलं तर मात्र त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्या या उत्तरावर थांबू नका. आणि डी भरलेलं असूनही जिना चढवत नसेल किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज अजून वाढलेलंच असेल तर कारण दुसरं आहे, थायरॉइड, किडनी, आतड्याचं शोषण, ते शोधायला लागेल.

तुमच्या स्वतःच्या टेस्टचं, वय तिशीतलं, काही दुखत नाही, फिट्सची वगैरे औषधं चालू नाहीत, तर टेस्ट करू नका. 2024 मध्ये एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेनेही धडधाकट माणसाची सरसकट तपासणी करू नका असंच सांगितलंय. आकडा बहुधा कमीच येईल, मग काळजी, मग पाकीट, मग पुन्हा टेस्ट. त्या पैशात घरी दही लावा, आणि ऑफिसचा डबा खाऊन झाला की बाह्या दुमडून वीस मिनिटं बिल्डिंगला फेऱ्या मारा. पुण्यात दुपारी एक वाजता सावली बाराही महिने उंचीपेक्षा आखूडच असते. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात याल तेव्हा आईंना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगा आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवा, पंधराच्या आत जमलं तर मांड्यांची ताकद चांगली आलीय असं समजा.